औषधाची हापशी

हे मले आत्ताच सांगाचं हाये, नाईतर रागानं डोकं फुटन!

परवा डोयात कचरा गेला म्हणून आर्वीच्या एका दवाखान्यात गेलतो. डोये यायची साथ, म्हणून लांब रांग. कंपाउंडर एकाच ड्रॉपरनं सगळ्यांच्या डोयात औषध टाके. काचेचं टोक पापणीले लागे, अन् तोच ड्रॉपर परत बाटलीत!

माह्या पुढं एक अनोळखी बाई होती. कडेवरच्या पोरीचा एकच डोया लाल. बाईनं पदराच्या गाठीतून छोटी शिशी काढली.

"भाऊ, ही शिशी उकळून आणली हाये, औषध यात वरून ओता. तो ड्रॉपर नका लावू. पोरीचा एक डोया चांगला हाये."

"मोठी डॉक्टरीण आली! मले शिकवून राह्यली का?"

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या रोहणा गावात औंदा हापशी बसली. पाणी बाहेर येते, आत कोणाचा हात जात नाई. औषधाची बाटली तशी काऊन नाई?"

"औषधाले हापशी पायजे म्हणते!" कंपाउंडर हसला. रांग हसली. मीबी हसलो.

त्यानं तोच ड्रॉपर तिच्या शिशीत बुडवला. बाईनं शिशी तिथंच उपडी केली, पोरीचा चांगला डोया पदरानं झाकला अन् निघून गेली.

मंग माहा नंबर आला. मी डोया उघडला अन् तोच ड्रॉपर लावून घेतला.

आज माहे दोन्ही डोये चिकटले हायेत. फटीतून पाहत टाइपरायटर बडवून राह्यलो. कंपाउंडरचा राग येते, पण माह्या त्या हसण्याचा जास्त.

सांगा, तुमच्याबी डोयात असाच ड्रॉपर गेला का? अन् रांगेत तुम्हीबी हसले होते का?