क्लिक कुठे जात होते?

मी सपोर्टमधला माणूस. दिवसभर लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सुरू करून देतो. भूतबित सगळं डोक्यातला व्हायरस, असं मित्रांना ठणकावून सांगायचो... आता नाही सांगत.

मी आणि माझी बायको मृणाल मूळचे पुण्याचे, नोकरीपायी कन्नड मुलखात, मारतहळ्ळीत भाड्याने राहतो. आमच्या हॉलची भिंत शेजारच्या अक्कांच्या घराला लागून आहे. अक्का निपाणीकडच्या. नवरा त्यांना मारायचा. एकदा मी दार वाजवलं, तर सुजलेल्या तोंडाने त्याच म्हणाल्या की बाथरूममध्ये पाय घसरला. मृणाल त्या रात्री जेवली नाही.

रविवारची दुपार होती. डेस्कटॉपवरचे आयकॉन उघडेनात. पॉइंटर हलतोय, कीबोर्ड चालतोय, पण आयकॉन ढिम्म. रीस्टार्ट केलं, दुसरा माउस लावला — शून्य. तेवढ्यात पलीकडे सुरू झालं. शिव्या, भांड्यांची आदळआपट, अक्कांचं किंचाळणं. आम्ही धावलो, दाराला लाथा घातल्या, पण आतून कडी. मृणालने पोलिसांना फोन केला. ते निघाले होते म्हणे.

आम्ही घरात परतलो आणि मी सगळा राग माउसवर काढला. डबल क्लिक केलं... आणि भिंतीपलीकडे धप्प-धप्प. पाठोपाठ किंकाळी, पुरुषाची.

पुन्हा केलं. पुन्हा धप्प-धप्प. थांबलो, तर त्याची शिवी आणि अक्कांचा घुसमटलेला आवाज, गळा धरल्यासारखा.

आमच्या कामातली साधी गोष्ट आहे. आयकॉनपर्यंत क्लिक पोचत नसेल तर तो क्लिक हरवत नाही. मध्ये न दिसणारी एखादी विंडो असते, तिला तो जातो. मला हे आठवलं आणि माझा हात मागे आला. खरं सांगतो, मी घाबरलो.

मृणालने मला ढकललं आणि माउस धरला. ओठ घट्ट मिटून ती क्लिक करत राहिली. पलीकडे काहीतरी कडकन मोडलं, तो कन्नडमध्ये गयावया करायला लागला, तरी ती थांबली नाही. अक्कांच्या दाराची कडी वाजली तेव्हाच तिने हात उचलला.

अक्का दारात उभ्या होत्या, ओठ फाटलेला, गळ्यावर बोटांचे वळ. आत तो रक्ताने भरलेलं तोंड घेऊन पडला होता. उजवा हात कोपरातून उलटा वळला होता.

“घरात आम्ही दोघंच हुतो की हो, ताई,” अक्का मृणालला म्हणाल्या. “मग ह्यास्नी कुणी हाणलं?”

पोलिसांनाही ते कळलं नाही. आम्ही परत आलो, तर आयकॉन पहिल्याच क्लिकला उघडले. मी मशीन पूर्ण तपासलं. कशातच काही नव्हतं. 

अक्का माहेरी गेल्या नाहीत. पोलिसांत तक्रारही दिली नाही. त्याचं प्लास्टर निघालं आणि गेल्या आठवड्यात पलीकडून पुन्हा अक्कांची किंकाळी आली. मी फोन लावेपर्यंत मृणालने माउस धरला होता. डबल क्लिक केलं.

आयकॉन लगेच उघडला.