ह्यांची वेबसाइट आणि माझी हाक

आमच्या ह्यांची वेबसाइट साऱ्या जगासाठी उघडी होती, आणि जगात ती कोणालाही सापडत नव्हती.

हे जळगावला शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेतून आले की केळीच्या बागा, कपाशी वेचणाऱ्या बाया, सातपुड्याचे डोंगर असं रंगवत बसायचे. चित्र पूर्ण झालं की पलंगाखाली जायचं. पलंगाखालची जागा संपली तेव्हा चित्रं धान्याच्या कोठीमागे गेली. (तिथे सातपुड्याला उंदरांनी भोक पाडलं. हे म्हणाले, "चला, कोणीतरी रस घेतला!")

ही गोष्ट नव्याण्णव सालची. धुळ्याला माझे दीर प्रकाशभाऊजी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे. त्यांनी ह्यांच्या चित्रांची वेबसाइट बनवून दिली. "दादा, आता अमेरिकेतला माणूस घरबसल्या तुझी चित्रं पाहील!"

आम्ही वाट पाहिली. अमेरिकेतून कोणी काही विचारलं नाही. अमेरिका जाऊ द्या, शेजारच्या नशिराबादहूनही नाही.

शेवटी एके दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "दिवाळीपर्यंत बाहेरच्या एका तरी माणसाला माझं चित्र सापडलं तर ठीक. नाहीतर रंग, ब्रश सगळं शाळेला देऊन टाकतो आणि संध्याकाळच्या शिकवण्या धरतो."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. हे रंगवत असले की घरात शांतता असते. रंगवत नसले की माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतात. म्हणजे संकट दोघांवर होतं!

आमच्या घरामागच्या गल्लीत एक सर टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर कोणी शिकेना, म्हणून त्यांनी तिथे इंटरनेट सुरू केलं होतं. हे त्यांच्याकडे गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, सर्च इंजिनला तुमची साइट दिसतच नाही."

(मी चौथी शिकलेली. इंजिन म्हटल्यावर मला भुसावळचंच आठवलं. त्याला कशाला काय दिसायला पाहिजे?)

झालं होतं असं, की वेबसाइटवर नाव, गाव, चित्रांची माहिती, सगळं ह्यांनी स्वतः ब्रशने वेलबुट्टी काढून रंगवून दिलं होतं, आणि भाऊजींनी त्याचे फोटो जसेच्या तसे चढवले होते. आणि त्या यंत्राला म्हणे चित्र कळतच नाही. टाइप केलेली अक्षरं तेवढी वाचतं.

"चित्रकाराची वेबसाइट, आणि बघणारा आंधळा!" हे गरजले.

"पुढे काय करायचं?"

"शब्द टाइप करून टाकायचे. लोक काय काय शोधतात ते शब्द. आणि मग एकेका सर्च इंजिनला कळवायचं, की बाबा, आम्ही इथे आहोत, येऊन पाहून जा."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना हे एकदम पटलं. "बरोबर शे! अक्षत दिधी नही तं लगीनले कोन येई? त्या यंतरले घर घर जाईसन बलावनं पडी!"

एवढं सोपं करून कोणी भाऊजींनाही सांगितलं नसेल.

पण सरांची टेलिफोनची लाइन दिवसातून एखाद्या वेळीच लागायची. आणि लागली ती नेमकी हे ड्रॉइंगच्या परीक्षेवर चोपड्याला गेले त्या दिवशी! सरांचा निरोप आला, लाइन लागली आहे, कोणीतरी ताबडतोब या, माहिती सांगा. भाजीवाल्याशी भाव करायचा तरी मी सासूबाईंना पुढे करणारी बाई. सासूबाईंचे गुडघे धरलेले. मीच गेले.

आत कॉलेजची पोरं बसली होती. सर म्हणाले, "बसा वहिनी. बोला, चित्रांत काय काय असतं?"

"केळी असतात." मी पदराला सांगितलं. सरांनी कान पुढे केला. "केळी. म्हशी. डोंगर. आणि एकात आमच्या सासूबाई पापड लाटताहेत."

"कसले पापड?"

"उडदाचे." खोटं कशाला सांगा!

सरांनी सगळं इंग्रजीत ठोकलं. मग म्हणाले, "हं, कलाकाराचं नाव?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाव, वहिनी. लाइन जाईल!"

"ह्यांचंच."

"ह्यांचं म्हणजे?"

"पिंकीच्या पप्पांचं."

पोरं खुसखुसली. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं ते शेवटचं. सर स्वतः ह्यांना 'मास्तर' म्हणत, आणि साइटवरची ह्यांची वेलबुट्टी कोणालाच वाचता येत नव्हती, यंत्राला उगाच नावं ठेवली!

"मग लिहून द्या," सर म्हणाले.

लिहिणं म्हणजे घेण्यासारखंच की! मी हात पदराखाली घेतले. सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "बरं, तुमचं स्वतःचं नाव तरी सांगाल?"

"सुशीला," मी म्हणाले. एवढ्यावर सुटका झाली म्हणून इतका आनंद झाला, की सरांनी ते कुठे टाइप केलं हे मी बघितलंच नाही.

हे चोपड्याहून आल्यावर मी सांगितलं, "काम फत्ते!"

महिना गेला आणि खरोखर लोकांना साइट सापडू लागली! पहिला ई-मेल इंदूरहून. सरांनी छापून पाठवला. हे धावत अंगणात गेले, वाचलं आणि खाली बसले.

"काय लिहिलंय?"

"रोज एक ट्रक केळी लागतील म्हणतो. भाव विचारलाय."

दुसरा नाशिकहून. उडदाचे पापड, मिरं घातलेले, लग्नासाठी. तिसरा एका डेअरीवाल्याचा. म्हैस किती लिटर देते?

सासूबाई म्हणाल्या, "पापडनं हो म्हन. मी लाटी दिसू."

ह्यांनी दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या भाजीत मीठ किती टाकावं ते सांगायला आले. मी समजले, दिवाळी जवळ आली.

तेवढ्यात पुण्याहून ई-मेल आला. चित्रकार बायकांची एक संस्था होती. तिच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं, 'आदरणीय सुशीलाताई, संसार सांभाळून तुम्ही काढलेली चित्रं पाहून थक्क झाले. माहेरी धुळ्याला येते आहे. आमच्या प्रदर्शनासाठी चित्रं बघायला आणि तुम्हाला भेटायला जळगावला येईन.'

ह्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "तू कधी काढलीस चित्रं?"

तेव्हा मला कळलं, सरांनी माझं नाव कुठे टाइप केलं होतं ते!

"आल्या की सांगू त्यांना खरं," हे म्हणाले. "पण आधी चित्रं तर पाहू देत. बाहेरचा माणूस पहिल्यांदाच येतोय गं."

बाई आल्या. ह्यांनी सगळी चित्रं बैठकीत भिंतींना टेकवून ठेवली होती आणि स्वतः घाबरून चहा करायला आत पळाले होते! बाहेर मी आणि सासूबाई.

"सुशीलाताई, हा हिरवा रंग कसा साधलात?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"समजलं. खरा कलावंत बोलत नाही," बाई म्हणाल्या. तेवढ्यात हे ट्रे घेऊन आले. "आणि यजमान चहा करतात! किती सांभाळून घेतात तुम्हाला!"

ह्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते "साखर किती?" माझ्या संगतीने हेही लाजरे झाले असावेत. बाईंनी पर्समधून कागद-पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. "माझ्यासाठी दोन रेघा काढा ना."

सासूबाईंना राहवलं नाही. "ओ बाई, हाई रांगोळीनं कमळ काढस तं आम्हले वांगं दिखास!"

बाई हसल्या. त्यांना वाटलं, सासू आहे, बोलणारच! पेन्सिल माझ्या हातात दिली. समोर हे ट्रे धरून उभे. चेहरा असा, की जन्मभराची चित्रं बायकोच्या नावाने चालली आहेत आणि हातात चहा आहे. मी पेन्सिल खाली ठेवली. मी उभी राहिले, ह्यांच्याकडे बोट केलं आणि ह्यांचं नाव घेतलं. पहिलं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं! (इथे लिहीत नाही. एकदा झालं तेवढं पुरे.) सवय नसल्यामुळे आवाज किती काढायचा ते कळलं नाही. किंचाळलेच.

ह्यांच्या हातातून ट्रे पडला. कपांचा खळ्ळकन आवाज झाला.

आता, आमच्या गल्लीत बाईने नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन किंकाळी फोडली, आणि मागून काही पडल्याचा आवाज आला, तर त्याचा अर्थ एकच होतो. शेजारच्या अक्का "माय वं!" करत रडतच आत शिरल्या. पाठोपाठ गल्ली शिरली. कोणी रिक्षा आणली, कोणी कांदा फोडून आणला. मागच्या गल्लीतून टायपिंगचे सर क्लास उघडा टाकून आले. अक्कांनी मला मिठी मारून विचारलं, "कसं झालं वं पोरी?"

"काय कसं झालं?" हे काचा वेचता वेचता म्हणाले.

अक्कांचं रडणं मध्येच अडकलं. पण आलेली माणसं लगेच परत कशी जाणार? ती बसली. बसल्यावर भिंतींना टेकवलेली चित्रं दिसली. "अरे, ही तं आपली भोकरबारीवाली बाग!" "ही म्हैस आमचीच!" जन्मात ह्यांचं एक चित्र न पाहिलेली गल्ली पाऊण तास चित्रं बघत होती, आणि हे जिवंतपणी स्वतःच्याच मयतीला आलेल्या लोकांना रंग समजावून सांगत होते.

बाई हसून हसून खांबाला टेकल्या. त्यांच्या प्रदर्शनात पुरुषांना जागा नव्हती. पण सासूबाईंचं पापडाचं चित्र त्यांनी स्वतःच्या घरासाठी विकत घेतलं, आणि ह्यांच्याकडून खाली सही करून घेतली. रंग, ब्रश घरातच राहिले. मीठ पुन्हा माझ्या ताब्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मी नाव दुरुस्त करून घ्यायला गेले. हे म्हणाले होते, "मी येतो," पण मी ऐटीत म्हटलं, "काही गरज नाही, आता मला भीती वाटत नाही."

सरांनी की-बोर्ड पुढे ओढला. "बोला वहिनी. कलाकाराचं नाव काय टाकू?"

मी पदर सावरला, घसा साफ केला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"सर, काल ऐकलंत ना, तेच."