मी शोरूमच्या मालकाच्या पाया पडले

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. आईने एकटीने उभारलेली लढाई मी एका नमस्कारात घालवत होते.

आई कंधारला शिक्षिका आहे. अहमदपूरहून रोज स्वतः गाडी चालवत जाते. पण ही नवी चारचाकी घेतल्यापासून भर रस्त्यात मध्येच बंद पडायची, आणि मागून उसाचे ट्रक. नांदेडच्या शोरूमवाल्यांचं दरवेळी एकच उत्तर, "मॅडम, गाडीत काहीच नाही. तुम्हीच क्लच चुकीचा दाबून राहिल्या."

शेवटी सुट्टीच्या दिवशी आई मला साक्षीदार म्हणून घेऊन थेट मालकाकडे निघाली. वाटेत ताकीद दिली, "तिथं पाणी नको, चहा नको. नुसतं गंभीर बसायचं."

मालक बाहेर आले. पांढरे केस, कपाळाला गंध. आई उभी राहून म्हणाली, "आम्ही विनंत्या करायला आलो नाही." आणि नेमकी तेव्हाच मी वाकून त्यांच्या पाया पडले. काय करणार? पांढरे केस दिसले की माझी कंबर मला न विचारता वाकते.

बरं, एकाला नमस्कार केला आणि शेजारच्याला नाही, असं आपल्यात चालतं का? मग सोफ्यावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनाही करून टाकला.

मालक विरघळले. "सुखी राहा बाळ. मॅडम, लई गुणाची पोरगी हाय. आता आपल्यात कशाचं भांडण? चहा सांगतो."

मला वाटलं, संपलं सगळं. पण आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुखी राहा म्हणालात ना? मग हिला मागं बसवा अन् तुम्ही स्वतः गाडी चालवा. बंद न्हाई पडली तर मी पुन्हा येणार न्हाई."

एवढ्या गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार?

लातूर रस्त्याला एक चढ संपला आणि गाडी गपकन बंद. मागे ट्रक हॉर्न देऊ लागला. मालकांचं गंध घामाने ओघळलं.

"साहेब," आई शांतपणे म्हणाली, "क्लच नीट दाबा."

कच्च्या मुलाला गणित समजावताना तिचा आवाज असतो ना, अगदी तस्सा.

मालक माझ्याकडे वळले. "बाळ, जरा ढकलतीस का?"

मोठ्यांनी सांगितल्यावर मी बसून कशी राहीन? उतरले आणि जीव खाऊन ढकलली. पुढे उतार होता. गाडी चालू झाली.

"बघा, चालती की!"

"हाव, चालती. मग रोज पोरीची शाळा बुडवून मागं ठेवू का ढकलायला?"

मी चढावं म्हणून गाडी जराशी हळू झालीही होती. पण मी पोचायच्या आत भांडण पुन्हा पेटलं आणि गाडी निघाली. मी "आई" म्हणून हाक मारली. ती शेजारी चरणाऱ्या म्हशीलासुद्धा ऐकू गेली नसेल.

बऱ्याच वेळाने शोरूमची दुसरी गाडी आली. आई चालवत होती. दोष गाडीचाच आहे, हे मालकांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर कबूल केलं होतं. आमची गाडी पूर्ण दुरुस्त होईपर्यंत आईने ही वापरायची ठरली होती. असली आई जिंकताना बघायची, तर तिची साक्षीदार इथे म्हशीजवळ उभी.

आईने काच खाली केली. "अगं, शोरूम येईपर्यंत मी तुझ्याशी बोलून राहिले. तू काहीच बोलली न्हाईस, म्हणून वाटलं, हाय मागं."