कालचा वारा

घरात डीएनएस सर्व्हर बसवायचं खूळ माझं होतं, हे आधीच सांगून टाकते. आम्ही घरात तिघंच. धाकटा भाऊ होडी घेऊन मासेमारीला जातो, मी हायस्कुलात गणित शिकवते, आणि आईला दिवसातून दहा वेळा मोबाइलवर पंचांग उघडायची सवय आहे. एकादशी कधी ते बघायला गेली की रमीची जाहिरात पडदाभर यायची. आपल्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असं वाटून ती बिचारी मोबाइल उपडा घालून ठेवायची. ते बघून माझं डोकं फिरायचं.

मोबाइलला कुठेही जायचं तर आधी त्या ठिकाणचं नाव सांगून पत्ता विचारावा लागतो. पत्ता सांगण्याचं हे काम डीएनएस सर्व्हर करतो. तोच आपल्या घरात ठेवला, तर जाहिरातवाल्याचं नाव आलं की त्याने सरळ नाही म्हणायचं. एवढीच गंमत. एक चिमुकला संगणक मागवला, राउटरशेजारी ठेवला आणि सुट्टीचे दोन दिवस त्यात घातले. घरातल्या वस्तूंना नावं देता येतात म्हटल्यावर माझा उत्साह आणखी वाढला, मी माशांचीच नावं दिली. प्रिंटर झाला बांगडो, आईचा मोबाइल मोरी, भावाचा इसवण. भाऊ म्हणाला, "ताय, शाळेत पोरांका पण अशीच नावां ठेवतंस काय गो?"

अडवायच्या नावांच्या याद्या इंटरनेटवर आयत्या मिळतात. लहान यादी होती, मध्यम होती, मोठी होती. गणिताच्या बाईला मोठा आकडा दिसला की राहवत नाही. शनिवारी संध्याकाळी मी सगळ्यात मोठी यादी घातली आणि पडद्यावर अडवलेल्यांची संख्या चढताना बघत बसले. आईचं पंचांग स्वच्छ उघडलं. मी झोपेपर्यंत स्वतःवर खूश होते.

रविवारी पहाटे भाऊ निघाला. आमची वाडी खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर आहे आणि मोबाइलची रेंज घरात येत नाही. म्हणून तो निघण्यापूर्वी पडवीत उभा राहून वायफायवर वाऱ्याचा नकाशा बघतो. निळा असला की जायचं, लाल असला की जाळी विणत बसायचं. मग मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो, ती गाठ तो परत येईपर्यंत सुटत नाही. त्या दिवशी तो जरा जास्त वेळ मोबाइलशी खटपट करत होता. मी चहाचा कप घेऊन दारातच उभी होते. विचारायला हवं होतं. पण समुद्रावर निघालेल्याला काही विचारायचं नाही, हा आईचा कायदा. लहानपणी मी एकदा बाबांना कुठे निघाले ते विचारलं होतं, "खंय चललंस?" म्हणून, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. जाणारा "येतंय" म्हणतो, आपण मान हलवायची. भाऊ "येतंय" म्हणाला. मी मान हलवली.

दहाच्या सुमाराला वारा सुटला. आधी वाळत घातलेले कपडे दोरीवर गुंडाळले गेले, मग माडांच्या झावळ्या एका बाजूला वळल्या त्या सरळच होईनात. वाडीत होड्या दोनच, त्यातली दुसरी डागडुजीसाठी वर काढलेली, त्यामुळे भावाबरोबर कोणी गेलेलं नव्हतं. आई पायरीवर येऊन समुद्राकडे बघत बसली. मी म्हटलं, "गो आये, नकाशात वारो नाय आसा." आणि दाखवायला माझा मोबाइल उघडला. नकाशा निळा होता. बाहेर झावळ्या फाटत होत्या आणि माझ्या हातात निळा नकाशा होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. ती कालची होती.

लॅपटॉप उघडला. कोणत्या मोबाइलने किती वाजता काय विचारलं, ते सगळं सर्व्हर लिहून ठेवतो. पाच वाजून दहा मिनिटं, इसवण, वाऱ्याच्या साइटचं नाव, नाकारलं. पाच अकरा, इसवण, तेच नाव, नाकारलं. खाली बघत गेले तर लाल ओळींमागून लाल ओळी. माझ्या मोठ्या यादीत जाहिरातवाल्यांबरोबर वाऱ्याची साइटही आली होती. नवा नकाशा मिळेना, म्हणून त्या ॲपने जुनाच दाखवला होता. माझा भाऊ आज समुद्रावर वारा आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि मी बसवलेली वस्तू त्याला नाही म्हणत होती. मी त्याच्यापासून तीन हातांवर चहा पीत उभी होते.

यादी काढून टाकली. नकाशा क्षणात लाल झाला, आमच्या किनाऱ्यावर तर जांभळा. रेंज येते त्या बांधावर धावत जाऊन त्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला. तसंच. मला रडूही येत नव्हतं. आईला काय झालं ते सांगितलं. तिने ऐकलं आणि देवासमोर दिवा लावायला आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

तीन वाजता तो खाडीच्या बाजूने चालत आला. जाळी कापून समुद्रात सोडून दिली होती. होडी खाडीच्या तोंडावर उलटता उलटता आत शिरली होती आणि लांब पलीकडे बांधून ठेवली होती. तळहात सोलवटले होते. मी त्याला जेवायलाही बसू दिलं नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. तो चिडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पाच फेरी बघलंय गो. पाचय फेरी निळोच." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला ते बरं वाटलं.

सर्व्हर अजून आहे. त्यात आता सगळ्यात लहान यादी आहे, आणि कधीही अडवायचं नाही अशा नावांत पहिलं नाव वाऱ्याचं आहे. पंचांगात अधूनमधून रमी येते. आई ती बोटाने बाजूला सारते आणि एकादशी बघते.

नवी जाळी आल्यावर भाऊ पुन्हा निघाला त्या पहाटे आई आमच्याआधी उठून पडवीत बसली होती. भावाने मोबाइल पिशवीत बांधला, "येतंय" म्हणाला आणि पायरी उतरला.

"खंय चललंस रे?" आई म्हणाली.

भाऊ थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हयच जवळ, धा वाव पाण्यात. दुपारी येतंय."

"आणि वारो?"

त्याने पिशवीची गाठ सोडून मोबाइल माझ्या हातात दिला. नकाशा निळा होता. मी आधी कोपऱ्यातली तारीख मोठ्याने वाचली.