दादाचा डोळा आणि शहाणी माणसं

माझा दादा लेडीज टेलर होता. तीस वर्षं. मी त्याच्या दुकानात काजं-बटणं करायचे म्हणून सांगते, माप घेताना हा माणूस टेपकडे बघायचा, नाहीतर जमिनीकडे. आणि गल्लीभर काय झालं? तर टेलर डोळा मारतो.

डावा डोळा आपोआप मिटायचा त्याचा. आधी नुसती पापणी, मग गालपण ओढला जायला लागला. झोपेतसुद्धा उडायचा. झोपेत कुणाला डोळा मारत होता ते शहाण्यांनी सांगावं.

हे पहिल्यांदा बोलल्या समोरच्या शाळेच्या मोठ्या बाई. शिकलेल्या ना! त्या बोलल्या म्हणजे दगडावरची रेघ. महिन्याभरात दुकान ओस. मुलींच्या गणवेशाचं काम गेलं. वहिनीचा भाऊ येऊन म्हणाला, "दाजी, या वयात हे धंदे?" दादा हसला. हसण्याशिवाय येत काय होतं त्याला, गाढव कुठला.

मीच ओढत नेला मोठ्या दवाखान्यात. एमआरआय केला. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दाखवलं. "ही मेंदूच्या मागची रक्ताची नळी. असायला हवी बारीक, सरळ. यांची फुगलीय, लांबलीय, मग जागा पुरेना म्हणून वळसे घेतलेत. इथं चेहऱ्याच्या नसेवर टेकलीय. ठोका पडला की नसेला धक्का."

दादा म्हणाला, "म्हणजे कापड जास्त झालं, म्हणून चुण्या पडल्या."

"अगदी."

"मग कापून शिवा की."

"ती कापायची वस्तू नाही. बीपीची गोळी चुकवू नका."

मी गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. दादा मात्र खूश! "अगं, आता लेखी आहे ना आपल्याकडे!" रिपोर्ट घेऊन सरळ मोठ्या बाईंकडे. मी सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, बहीण आहे, झाकणारच. बाईंनी वाचावं आणि चार बायकांना सांगावं, एवढंच त्याचं मागणं. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. "बरं बरं, काळजी घ्या." आणि सांगितलं कुणाला? भिंतीलापण नाही. आपलं चुकलं म्हणायला शिकलेल्यांची जीभ फार जड. आणि हा वेडा रोज दारात बसून वाट बघायचा, आज येतील बायका, उद्या येतील. वर्षभर.

मागच्या सोमवारी भर दुपारी दादानं मशीनवरच मान टाकली. तीच नळी फुटली.

भेटायला सगळ्या आल्या. वर्षभर दुकानाची पायरी न चढलेल्या. मोठ्या बाई मधोमध बसल्या, नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. मेंदूचं दुखणं होतं बिचाऱ्याला. त्यानंच तो डोळा उडायचा."

मी हातातले पाण्याचे पेले खाली ठेवले.

"कधीपासून माहीत होतं, बाई?"

"अगं, रिपोर्ट दाखवला होता ना त्यांनी. वर्ष झालं असेल."

"वर्ष. आणि ह्या बायकांना आज सांगताय."

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. एकजणही त्यांच्याकडे बघेना.

"मरणाच्या घरात असं बोलू नये गं."

"मग तुम्ही बोला की. पुन्हा एकदा, मोठ्यानं. दाराशी बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल."

बोलल्या. उठून उभ्या राहिल्या आणि बोलल्या, वर्गात बोलतात तशा.