आमच्या उकिरड्यातलं विंचवाचं पिल्लू

आज सकाळी भाचीचा फोन आला. ती कीटकांचा अभ्यास करते. "मामा, पोळ्याला बेला गावातल्या तुमच्या उकिरड्यातून नेलेला भुंगेरा नवीन जातीचा निघाला. त्याचं वर्णन लिहून राह्यली. अजून पाह्यजेत."

तिने फोटो पाठवला. आखूड पंख, विंचवासारखी उचललेली शेपटी. लहानपणी त्याला विंचवाचं पिल्लू समजून आम्ही पळायचो. शेणाची टोपली घेतलेली आई हसायची, "काऊन भेता रे? नांगी कुठं हाय त्याले?"

उकिरड्यावर गेलो. दिवाळीनंतर बैल विकले, तेव्हापासून नवं शेण पडलेलं नाही. काडीने तळापर्यंत उकरलं. ओलाव्यात एकच भुंगेरा होता. त्याने शेपटी उचलली आणि मी मागे सरकलो. हसायला आई नव्हती.

त्याला तिथेच राहू दिलं.

गावात कोणाच्या दावणीला अजून बैल आहेत? मला रोज टोपलीभर शेण हवं आहे.