उलटी बादली

नोएमी चिकिसा तशी कुणाला भिणारी बाई नव्हती, पण भिंतीवरच्या एका फोटोने तिची पाचावर धारण बसवली. फोटो तिनेच काढलेला होता.

कोलंबियात, बोगोताबाहेरच्या एका गुलाबाच्या मळ्यात ती फुलं निवडून जुड्या बांधायची. विद्यापीठातल्या लिस्बेतबाईंनी तिथल्या बायकांना छोटे कॅमेरे वाटले होते. "कंपनी तुम्हाला कशी दिसते ते टिपा," बाई म्हणाल्या होत्या. "नंतर फोटो लावू आणि जिने जो काढला तिने त्यावर बोलायचं. चेहरा मात्र कुणाचाच दिसणार नाही."

नोएमीने टेबलाखालचा फोटो काढला. उलटी घातलेली बादली आणि तिच्यावर बसलेल्या कुणाचे तरी दमलेले पाय. चेहराच नाही, मग कसली भीती?

पण शेडमध्ये सगळ्यांचे रबरी बूट सारखेच, म्हणून बायका नेलपॉलिशने त्यावर आपापली खूण काढत. फोटो मोठा होऊन भिंतीवर चढला तेव्हा बुटावरचं पिवळं फुलपाखरू लांबूनही दिसत होतं. ते युरानीचं होतं.

युरानी पोटुशी होती. सैल अ‍ॅप्रनखाली ती पोट लपवायची. बायका तिच्याभोवती दाटीने उभ्या राहून तिला बादलीवर टेकू द्यायच्या. वरच्यांना कळलं असतं, तर फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइनचा हंगाम संपताच तिला घरी बसवलं असतं.

"बाई, तो फोटो भिंतीवरून उतरवा हो," नोएमी कुजबुजली.

"आता? एलिएसेरसाहेब दारात आलेत. उतरवला तर नेमका तोच पाहतील."

एलिएसेरसाहेब म्हणजे मॅनेजर. ते एकेक फोटो बघत आले आणि नेमके तिथेच थांबले. युरानी भिंतीला चिकटून डोळे मिटून उभी होती.

"कामाच्या वेळी बसलंय कोण हे? फुलपाखरू कुणाचं?"

"बूट युरानीचे, पण पाय माझे," नोएमी बोलून गेली. "माझे गळत होते, म्हणून तिचे घातले होते."

"आणि फोटो? तुझा तुलाच काढता आला होय?"

"युरानीने काढला. माझा कॅमेरा तिच्याकडेच होता. टवाळी करत होती माझी, म्हणे महाराणी बसली सिंहासनावर!"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, जरा जास्तच. मॅनेजरही हसले. "महाराणीसाहेब, चांगलं दाखवलंत हं आम्हाला," असं म्हणून ते पुढे गेले. वाचलो, असं नोएमीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये एकही रिकामी बादली नव्हती. मॅनेजरच्या हुकमाने सगळ्या बाहेर कुलपात. फुलं पाण्यात ठेवायला लागेल तेव्हा मागायची, भरून आणायची, रिकामी झाली की परत द्यायची.

"माझ्यामुळे झालं हे," नोएमी म्हणाली. तिला रडूच कोसळलं.

"रडू नकोस गं बये, फुलं भिजतील," युरानी म्हणाली. पण दुपारपर्यंत तिचे पाय सुजून बुटात मावेनात. टेबलाला धरूनही तिला उभं राहवेना.

नोएमी सरकली आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. "टेक," म्हणाली. युरानीने सगळा भार टाकला.

तेवढ्यात मॅनेजर शेडमध्ये शिरले आणि या दोघींच्याच रांगेकडे येऊ लागले. नोएमीने हातातली जुडी इतकी घट्ट धरली की गुलाबाचा काटा बोटात रुतला. पाठ मात्र तिने हलू दिली नाही.